नाथसागरात गेलेलं गाव आणि पणजीची कबर

वाचकाचं पत्र

आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. गावाचं नाव आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे, तालुका नेवासे. वडील म्हणायचे, ते गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. मोबाइलच्या नकाशावर त्याच नावाचं गाव दिसलं म्हणून मी मुलाला घेऊन गेले. जवळपास नदी नाही, एकही जुना वाडा नाही, सरळ आखलेल्या गल्ल्या, सिमेंटचं देऊळ. मास्तरांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकीच्या गावी आलो असं वाटून परतलो. पणजी मानमोडीच्या साथीत गेली आणि तिला गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला माती दिली, एवढंच आजी सांगायची. मिशनच्या एका इंग्रजी कागदावर गावाचं स्पेलिंग भलतंच आहे. घरात आता एकच वडीलधारं माणूस उरलंय, ८५ वर्षांची आत्या. चुलतभाऊ म्हणतो, पाण्यात गेलं ते गेलं, आता काय शोधतेस? खरंच काही शोधण्यासारखं उरलं आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही चुकीच्या गावी गेला नव्हता, अशी मला दाट शंका आहे. तुम्ही त्या गावाचं जे वर्णन केलंत, तेच पुनर्वसित गावठाणाचं वर्णन असतं. पैठणजवळ जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं. त्या दरम्यान पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली गोदाकाठची गावं उठवली गेली. लोकांना वर, कोरड्या माळावर प्लॉट आखून दिले गेले. म्हणून गल्ल्या सरळ, म्हणून देऊळ सिमेंटचं, आणि म्हणूनच नदीचा पत्ता नाही. गावाने आपलं नाव मात्र सोबत नेलं. मोबाइलच्या नकाशावर नाव नव्या जागी आहे आणि जुन्या जागी निळं पाणी.

मास्तरांचं नाव कुणाला आठवलं नाही, याचंही नवल नाही. पणजोबा तिथे शिकवत होते त्याला शंभर वर्षं झाली आणि तुम्ही बहुधा पारावर भेटलेल्या तरुणांना विचारलंत. जुनं गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसं आज साठीच्या पुढची आहेत. गाव उठलं तेव्हा पंधरा-वीस वर्षांची असलेली आता पासष्टी-सत्तरीला आलीत. पुन्हा जा, अशाच आजोबा-आजींना गाठा आणि प्रश्न बदला. "अमुक मास्तरांना ओळखता का" याचं उत्तर "नाही" असंच येणार. त्याऐवजी विचारा: जुन्या गावात ख्रिस्ती घरं कोणत्या अंगाला होती? मिशनची शाळा कुठे भरायची? ओढा गावाच्या कोणत्या बाजूने यायचा? ख्रिस्ती लोक माती कुठे द्यायचे? आणि एक नक्की विचारा: गाव उठलं तेव्हा सगळे इथेच आले का? एकाच गावाची माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरली, असं धरणग्रस्तांच्या बाबतीत खूप झालं. ख्रिस्ती घरं भलत्याच वसाहतीत गेली असतील, तर तुम्ही बरोबर गावी जाऊनही चुकीच्या माणसांना विचारलंत असं होईल.

पण हे सगळं आत्यांच्या नंतर. पहिली बैठक त्यांच्याकडे. वही घेऊन जा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आणि नावं विचारण्याआधी वाटा विचारा. बाजाराला कोणत्या गावी जायचे, आजोबांची आत्या-मावशी कुठे दिली होती, नदी ओलांडायला होडी कुठे लागायची, चर्चला कुठे चालत जायचे. म्हाताऱ्या माणसाला तारखा आठवत नाहीत, पण अंतरं आणि दिशा पक्क्या आठवतात. या उत्तरांतून शेजारच्या गावांची यादी तयार होते, आणि तुमच्या शोधाचा खरा आधार ती यादी आहे.

कारण गावाच्या नुसत्या नावावर कधी विसंबू नये. मराठी मुलुखात एकाच नावाची गावं ढिगाने आहेत, वर बुद्रुक आणि खुर्द अशा जोड्या. दाखल्यावर 'बु.' किंवा 'खु.' लिहायचं राहून गेलेलं असू शकतं. इंग्रजी स्पेलिंगची तर गोष्टच वेगळी. त्याच नेवासे तालुक्यातलं मिशनचं ठाणं वडाळा जुन्या इंग्रजी कागदांत कुठे 'व्ही'ने, कुठे 'डब्ल्यू'ने, कुठे शेवटी 'ए' तर कुठे 'ई' लावून लिहिलेलं सापडतं. तेव्हा तुमच्या मिशनच्या कागदावरचं स्पेलिंग मोठ्याने वाचून पाहा, अमेरिकन माणसाने मराठी उच्चार कानाने ऐकून लिहिलाय असं धरून. पण नाव जुळलं की लगेच हुरळून जाऊ नका. चार बाजूंची शेजारची गावंही जुळली, तरच ते तुमचं गाव.

हे जुळवायला उत्तम साधन म्हणजे १९६१ च्या जनगणनेचं नगर जिल्ह्याचं डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक. धरणाच्या आधीचं असल्याने तालुक्यातली सगळी गावं त्यात जागच्या जागी आहेत, गाववार यादी आहे आणि तालुक्याचे नकाशेही आहेत. जनगणना खात्याने जुनी हँडबुकं ऑनलाइन ठेवलेली आहेत. मग पुढच्या जनगणनांच्या याद्या शेजारी ठेवा. गाव गळालेलं दिसेल, नाहीतर लोकसंख्येच्या रकान्यात काहीच नसेल. महसुलाच्या भाषेत अशा गावाला बेचिराख म्हणतात: वस्ती नाही, पण शिवार दप्तरात आहे.

नकाशांचं म्हणाल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंच-एक मैल नकाशे मिळवा. नेवाशाचा भाग ४७ आय या क्रमांकात येतो आणि पैठणचा ४७ एम मध्ये, त्यामुळे तुमच्या गावासाठी दोन्ही पाहावे लागतील. या नकाशांवर ओढे, विहिरी, देवळं, पायवाटा इतकंच काय, काही ठिकाणी कबरीही खुणेने दाखवलेल्या असतात. ते हाती लागेपर्यंत अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली अडीच लाखांस एक प्रमाणाची भारताची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने फुकट ठेवली आहे, ती पाहा. तिच्यात गोदावरी अजून नदीसारखी वाहते आहे. नकाशांची उत्तम जाण असलेलं कुणी घरात असेल, मुलगाच कदाचित, तर त्याला कोरोना उपग्रहांची चित्रं शोधायला सांगा. १९६० ते १९७२ या काळातली ही अमेरिकन हेरगिरीची छायाचित्रं १९९५ साली खुली झाली आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तुमच्या भागाचं स्वच्छ चित्र मिळालं तर बुडायच्या आधीचं गाव आकाशातून दिसेल.

आता एक बाब, जी या पट्ट्यात बरेच जण विसरतात. गोदावरी तिथे नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. दक्षिणेकडचं नेवासे-शेवगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि उत्तरेकडचं गंगापूर-पैठण निजामाच्या राज्यात, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. तुमचं गाव नेवासे तालुक्यातलं, म्हणजे दप्तर मराठीत, त्यातलं जुनं मोडी लिपीत, आणि ते नगरच्या कचेरीकडे. पण पणजीचं माहेर नदीपलीकडचं निघालं तर सगळंच बदलतं. तिकडचे जुने कागद उर्दूत आणि वरच्या कचेऱ्यांचे हैदराबादला. आत्यांना पणजीचं माहेर नक्की विचारा.

यानंतर जी गोष्ट सांगतो, ती तुमच्या चुलतभावालाही वाचायला द्या. पाण्यात गेलं ते गेलं, हे कागदांच्या बाबतीत अगदी उलट आहे. दुष्काळात हळूहळू ओस पडलेल्या गावाची कुणी नोंद ठेवत नाही. सरकारने उठवलेल्या गावाची मात्र इंचाइंचाने नोंद होते, कारण प्रत्येक इंचाचे पैसे द्यायचे असतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे आधी कलम ४ ची अधिसूचना, मग कलम ६ ची घोषणा, दोन्ही राजपत्रात. आणि शेवटी कलम ११ चा, भरपाई ठरवणारा निवाडा. हा निवाडा हातात आला की गाव समोर उभं राहतं. गट किंवा सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, खातेदाराचं नाव, त्याच्या भावांचे हिस्से, विहीर बांधीव की कच्ची, बांधावर आंब्याची झाडं किती, बाभळी किती, आणि प्रत्येकाची किंमत. गावठाणातल्या घरांचा निवाडा बहुधा वेगळा असतो. त्यात भिंत दगडमातीची की पांढऱ्या मातीची, छत मातीचं माळवद की पत्र्याचं, हेही येतं. देऊळ, चावडी, शाळा, स्मशान अशा सार्वजनिक जागांचा उल्लेख सापडला तर तुमचं अर्धं काम तिथेच होईल. तुमच्या घराण्याची गावात जमीन किंवा वतनाचा, म्हणजे गावच्या सेवेबद्दल वंशपरंपरेने मिळालेल्या हक्काचा, वाटा असेल तर तोही यात दिसेल. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने बंद झाली तेव्हाची कागदपत्रं वेगळी, तीही वंशावळीसाठी फार मोलाची, कारण वाटेकऱ्यांची नावं त्यांत बाप-आजासकट येतात.

निवाड्याची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात, भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत असायला हवी. साध्या विनंतीने मिळाली तर उत्तम. नाहीतर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. त्यात पणजोबांची कहाणी लिहू नका, कचेरीला तिचा उपयोग नाही. गावाचं नाव, तालुका, "जायकवाडी प्रकल्पासाठी संपादन झालेल्या जमिनी व घरांचा निवाडा आणि सोबतचे नकाशे" असं नेमकं लिहा आणि नकलांच्या आधी अवलोकन, म्हणजे कचेरीत बसून फाइल पाहणं, मागा. फाइल समोर आली की काय मागायचं ते आपोआप कळतं. गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागायचा. त्यावर ओढा, वाटा आणि सर्व्हे नंबर असतात, म्हणजे "ओढ्याच्या अंगाला" हे आजीचे शब्द तुम्हाला कागदावर ठेवून पाहता येतील.

मानमोडीचा उल्लेख तुम्ही ओघात केलात, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला तो सगळ्यात मौल्यवान शब्द आहे. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. आपल्याकडे त्याची जीवघेणी लाट त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंतची. म्हणजे पणजीच्या मृत्यूचं वर्षच नव्हे, महिनेसुद्धा तुमच्या हातात आहेत. आता गाव नमुना १४ शोधा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी ही नोंद ठेवली जायची आणि ती तहसिलीत जमा व्हायची. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरं ठिकठिकाणी बाहेर काढली गेली, स्कॅन झाली, मोडी वाचणारे बसवले गेले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी "असं काही नसतं" म्हणणारा कारकून आज तुम्हाला गठ्ठ्यापर्यंत नेऊ शकतो. तुमच्यासाठी ही वेळ चांगली आहे.

नोंद कशी दिसेल तेही सांगतो, नाहीतर समोर असून ओळखू येणार नाही. एका आडव्या ओळीत तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण. आडनाव बहुधा नसतं, "वल्द" किंवा "बिन" लावून बापाचं नाव असतं. बाईचं स्वतःचं नावही गाळून "अमक्याची बायको" एवढंच असू शकतं. जातीच्या रकान्यात कधी ख्रिस्ती लिहिलेलं असतं, कधी धर्मांतराआधीची जात. आणि कारणाच्या रकान्यात "मानमोडी" शोधू नका. त्या साथीतले असंख्य मृत्यू नुसते "ताप" म्हणून लिहिले गेले. एरवी महिन्याला दोन-चार ओळी असणाऱ्या गावात ऑक्टोबरचं पान भरून गेलेलं दिसेल, तेव्हा मन घट्ट ठेवा. त्या पानावर एकाच घरातली दोन-तीन माणसं असू शकतात. पणजीसोबत एखादं लेकरू गेलं असेल आणि ते घरात कुणी कधी बोललं नसेल, असंही होतं. नोंद सापडलीच नाही तर तेवढ्यावरून घरची आठवण खोटी ठरवू नका. त्या दिवसांत नोंद करणारे हातही आजारी होते.

पणजोबांसाठी मिशनचे कागद. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली ठाणं उघडलं आणि तुमच्या भागाचा कारभार वडाळ्याहून चालायचा. वार्षिक अहवालांत ठाणी, त्यांच्याखालची गावं, शाळा यांची माहिती येते. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, बातम्या चाळा. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचं मूळ दप्तर अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहे. तिथे पत्राने विचारता येतं, पण ते सर्वात शेवटी करा. त्याआधी बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं. मंडळ्या १९७० साली उत्तर भारताच्या मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये आल्या. तेव्हा वडाळा आणि नगरच्या पाळकसाहेबांना भेटा. रजिस्टर हाताळायला मागू नका, तारीख द्या आणि त्यांनाच पान काढू द्या. फोटोची परवानगी मिळाली तर आधीची आणि नंतरची दोन-दोन पानंही घ्या, साक्षीदारांची आणि धर्ममातापित्यांची नावं पुढे कामाला येतात.

एका ठिकाणी वेळ घालवू नका, असं कळकळीने सांगतो. भारतातल्या ख्रिस्ती कबरींच्या ज्या याद्या इंटरनेटवर सहज सापडतात, त्यांतल्या बहुतेक युरोपीय लोकांच्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली मुंबई इलाख्याची चर्चची विवरणपत्रंही मुख्यतः त्यांचीच. खेड्यातल्या मराठी मास्तराच्या बायकोचं नाव त्यांत यायचं नाही. नाव मिळालं नाही म्हणून खचून जाणारे मी पाहिलेत, आणि त्या याद्या त्यांच्यासाठी कधी नव्हत्याच.

आता कबरीचं. खरं तेच सांगतो: पणजीच्या कबरीवर कोरलेला दगड होता, अशी आशा ठेवू नका. त्या काळच्या खेड्यात मातीचा उंचवटा, वर रचलेले दगड, फार तर लाकडी क्रूस. पन्नास वर्षांच्या पाण्यात आणि गाळात त्यातलं काही राहणं कठीण. जागा मात्र ठरवता येते. गावनकाशावरचा ओढा, आत्यांनी सांगितलेली दिशा आणि पुनर्वसित गावातल्या दोन-तीन वृद्धांचं सांगणं एका ठिकाणी आलं, की तो सर्व्हे नंबर तुमच्या पणजीचा. त्या नंबराचे अक्षांश-रेखांश काढून घरच्या वहीत लिहून ठेवा.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तिथे जावंसं वाटेल, ते स्वाभाविक आहे. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. गोव्यात साळावली धरणात गेलेलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, दर मे महिन्यात उघडं पडतं आणि विखुरलेले गावकरी देवळात आणि चॅपलपाशी जमतात. तुमचं गाव तसं उघडं पडतं की नाही हे जागा किती खोल आहे यावर आहे, आणि ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. जाळी कुठे भिंतीला अडकते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण त्यांच्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. वरून वाळून भेगाळलेला गाळ खाली ओला असतो आणि माणूस कमरेपर्यंत रुततो. शिवाय जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन खात्याला विचारूनच जा. काही सापडलं तरी उचलू नका, उकरू नका.

पणजोबांची कबर वेगळी शोधावी लागेल. ते निवृत्तीनंतर वडाळ्याला किंवा नगरला राहिले असतील तर तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत दगड असण्याची शक्यता बरीच आहे. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या प्रकाशात पुसट अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. ढगाळ दिवस असेल तर आरशाने बाजूने उजेड पाडा. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, ॲसिड, तारेचा ब्रश यांतलं काहीही दगडाला लावू नका. दगडाचा पापुद्रा सुटला की अक्षर कायमचं जातं. शेजारच्या चार-पाच कबरींचेही फोटो घ्या, नातलग जवळजवळ पुरलेले असतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची आडनावं तिथेच सापडतात.

निवाड्याची आणि गावनकाशाची नक्कल मिळाली की एक प्रत त्या पुनर्वसित गावच्या शाळेत द्या. जुनं गाव कसं होतं, हे तिथल्या मुलांनी कधी पाहिलेलं नाही. आणि मोडीतली नोंद हाती लागली तर तिचा स्वच्छ फोटो मला पाठवा, वाचून देईन.